दुर्गंधीची रांग

दुर्गंधीला रांगेत उभं करता येतं, हे मला आयुष्याच्या शेवटच्या मुक्कामी कळलं. तोवर मी समजत होतो की वास हा निदान स्वतंत्र प्राणी आहे. तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही, वशिला मानत नाही, साहेबाच्या केबिनमध्ये न विचारता शिरतो. पण माणूस फार नीच. त्याने वासालाही सांगितलं, बसा, नंबर आला की बोलावतो.

हे घडलं ‘सायंप्रसन्न’मध्ये. सावंतवाडीहून आंबोलीकडे जाताना चढ लागायच्या अलीकडे जी गुलाबी इमारत दिसते, ती. तिला वृद्धाश्रम म्हटलेलं संचालक डिचोलकरांना खपत नाही. ‘ज्येष्ठ निवास’ म्हणायचं. भिंतीचा गुलाबी रंग असा, की बद्धकोष्ठाच्या औषधाची बाटली आठवावी. मी तिथेच राहतो. खुब्याचं हाड मोडलं, मुलगा शिरीष पुण्याला, सून त्याच्याहून जास्त पुण्याला, मग बाकीचं ओघानेच आलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर नाना वझरकर. शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. अर्धं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. पण जिभेचा उपयोग शून्य, कारण नानांना जन्मजात भीड. कुणी सुरीने कापायला घेतलं तर म्हणतील, ‘सावकाश हो, मला घाई नाही.’ त्यांची मुलगी शैला लीड्सला, मुलगा निनाद इथेच गावात. निनाद प्रोग्रामर. या गोष्टीतली सगळी घाण त्याच्या बोटांतून गेली.

आता गंधपेटीबद्दल. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशींच्या चारएकशे जाती आहेत म्हणे. कुठलाही वास म्हणजे त्यांतल्या कुठल्या किती जाग्या झाल्या याची एक नक्षी. हिंग ही एक नक्षी, घामेजलेला सदरा ही दुसरी. शास्त्रज्ञांना असं सापडलं, की मोजकीच मूळ द्रव्यं कमीजास्त मिसळली तर नाकाला जवळजवळ कुठलीही नक्षी भासवता येते. टीव्ही तीन रंगांत अख्खी दुनिया दाखवतो, तसंच. इकडे खोलीत भिंतीवर हुंगणारं यंत्र, तिकडे मुलांच्या कॉम्प्युटरला जोडलेली डब्याएवढी पेटी. पेटीत बारीक नळ्या, त्यांना ऊब देणाऱ्या तारा आणि वापरलेला वास ओढून घेणारा पंखा. इथे मी मुळा खाल्ला की पुण्यात सून उठून जायची. ती एरवीही जायची, पण आता तिच्याकडे कारण होतं.

पेटी आली तसा कायदाही आला. फोटोत सगळे म्हातारे स्वच्छ दिसतात, वासात दिसत नाहीत. म्हणून नियम झाला, की प्रत्येक ज्येष्ठ निवासाने रोज संध्याकाळी मुलांना खोली दाखवायची, वासासकट. यंत्राने हुंगलेला वास पुसायचा नाही, बदलायचा नाही. तो पोचलाच पाहिजे. किती वेळात पोचला पाहिजे, ते मात्र लिहायचं राहिलं. असल्या राहून गेलेल्या ओळींवरच डिचोलकरांसारखी माणसं बंगले बांधतात.

मुलांच्या स्क्रीनवर उघडणारी ती खिडकी निनादने बनवली. त्या नोकरीबरोबर नानांना खाट मिळाली. पहिले काही दिवस ती खिडकी खरं बोलली. लघवी, फिनेल, उतू गेलेलं दूध, न बदललेली चादर, सगळं जसंच्या तसं पोचलं. आणि तक्रारींचा पाऊस पडला. तुम्हाला वाटेल, मुलांनी विचारलं असेल, आमच्या आईची चादर का बदलली नाही? छे हो. त्यांनी विचारलं, हा वास जेवायच्या वेळेला का येतो? एका जावयाने लिहिलं, की पाहुणे आले होते, फार ओशाळवाणं झालं.

डिचोलकरांनी निनादला केबिनमध्ये बोलावलं. हे संभाषण मला निनादने पुढे सांगितलं. मटण त्याचं, मसाला माझा.

“निनाद, वास पुसायचा नाहीये बरं का आपल्याला. आपण कायद्याची माणसं.”

“मग काय करायचं साहेब?”

“त्याला जरा थांबवायचं. देवळात नाही का, आधी अभिषेकवाले, मग दर्शनवाले, मग सवड झाली तर बाकीचे.”

“पण सवड झालीच नाही तर?”

डिचोलकर हसले. त्यांचे दात फार पांढरे आहेत. माणसाच्या तोंडात शोभत नाहीत. “तो वासाच्या नशिबाचा भाग. आपण नाही म्हटलेलं नाही.”

हे कसं जमलं, ते समजायला मला वेळ लागला नाही, कारण मी उभी हयात एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. स्क्रीनवरच्या खिडकीमागेही तसाच एकच एक माणूस बसलेला असतो असं समजा. खरा माणूस नव्हे, एक फेरी. प्रोग्रामर तिला इव्हेंट लूप म्हणतात. तिचं काम एकच. रांगेतल्या पुढच्याला विचारायचं, तुझं काय? माउसची टिचकी असेल तर ती निस्तरायची, बटण दाबलं असेल तर ते बघायचं, चित्र हललं असेल तर ते पुन्हा काढायचं, की लगेच पुढचा. पुढचा, पुढचा, दिवसभर. फेरी कुणा एकाशी गप्पा मारत बसली की बाकीची रांग खोळंबते, खिडकी गोठते आणि लोक टेबलावर माउस आपटतात. माझ्या खिडकीवर एकदा कणकवलीच्या एका बाईंनी त्यांच्या घटस्फोटाची हकीगत सुरू केली, तेव्हा मालवणची गाडी मालवणला जाऊन परत आली तरी मागच्यांना ती कधी सुटते ते कळलं नव्हतं.

आता रांगेत कुणीच नसलं तर? मग रिकामपणची कामं. मी काउंटरवरची धूळ पुसायचो. फेरीलाही अशी रिकामपणची कामं नेमून देता येतात. पण मे महिन्यात माझी रांग संपायचीच नाही, आणि धूळ गणपतीपर्यंत तशीच राहायची.

निनादने नेमकं तेच केलं. घाण वासांना त्याने रिकामपणच्या कामांत टाकलं. आणि फेरीला रिकामपण मिळू नये म्हणून खिडकीत सतत काहीतरी हलतं ठेवलं. वरून पाकळ्या पडतायत, कोपऱ्यात समई लुकलुकतेय, आईबापाच्या नावाची पट्टी लहरतेय आणि दर थोड्या वेळाने स्वागताचा मोगरा. कायद्याने वास बदलायला बंदी होती, पाहुण्याला अत्तर लावायला नव्हती. एक पाकळी खाली पोचेपर्यंत फेरीला शंभर चकरा. पाकळ्या संपत नाहीत, फेरी रिकामी होत नाही, दुर्गंधी रांगेत उभी. मुलांनी खिडकी मिटली तरी ती रांग जपून ठेवली जायची आणि दुसऱ्या संध्याकाळी तश्शीच पुन्हा उभी राहायची. पुसायला बंदी ना! तपासणीला माणूस आला तर त्याला दाखवता येई, बघा साहेब, एकही वास हरवलेला नाही.

तक्रारी थांबल्या. आणि तक्रारींबरोबर चादरीही थांबल्या. वास पोचतच नसेल तर धुवायचं कुणासाठी? आधी रात्रपाळीच्या मावशी कमी केल्या, मग दिवसपाळीच्या. उरली एकटी रोझी. ती बादली घेऊन या खोलीतून त्या खोलीत पळायची. मी ओरडलो की म्हणायची, “माका काय सांगतास बापूनू? हात माझे दोन. कोणाकोणाक पुसू मी?” आठवड्याचे डॉक्टरही तीच खिडकी उघडून तिकडूनच तपासायचे. एकदा त्यांनी नानांना सांगितलं, “वा, काय प्रसन्न खोली आहे तुमची!” त्या क्षणी नानांच्या गादीखाली इतकं ओलं होतं, की त्यात अळू लावलं असतं तर धरलं असतं.

त्या ओल्यावर सतत पडून नानांच्या माकडहाडापाशी जखम झाली. आधी रुपयाएवढी लाली. मग कातडं सुटलं. मग खड्डा पडला, आणि खड्ड्याला वास सुटला. मेलेल्या घुशीचा असतो, त्यात गोडूस काहीतरी मिसळलेला. अन्नावर बसायचा तो. पेजेचा पहिला घोट घेतला की दुसरा घेववत नसे. खोटं नाही सांगत, आमच्या छपरावरची एक पाल खोलीच्या मध्यावर आली, थांबली, विचार केला आणि परत फिरली.

आणि रोज संध्याकाळी शैला स्क्रीनवर.

“नाना, किती छान वास येतोय हो! मोगरा बहरलाय वाटतं अंगणात?”

“हो बाळ,” नाना म्हणत. अंगणात पाण्याची टाकी आणि एक मोडकी खाट होती.

“दुखतंय का कुठे?”

“छे गं. मजेत आहे. तू जेवलीस का?”

एकदा मला राहवलं नाही. मी माझ्या खाटेवरून बोंब ठोकली, “शैला! मी शेजारचा बापू! इथे मोगरा नाही, तुझा बाप कुजतोय इथे!”

ती हसली. “बापूकाका, तुमचं आपलं काहीतरीच! परवा म्हणे तुमच्या इथे हत्ती आला होता.”

हत्तीचं मी म्हणालो होतो, हे खरं. पण हत्ती आणि पू यांत काही फरक असतो की नाही?

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना उघडं केलं. “कशाला बापू,” ते हळूच म्हणाले. “ती इतकी लांब. तिने काय करायचं?”

निनाद यायचा तो रविवारी, सांगून. सांगून आलेल्या माणसासाठी खोली पुसली जाते, अंगावर पावडर शिंपडली जाते, वर पांघरूण. पण एका बुधवारी तो हॉलमधला कॉम्प्युटर बघायला म्हणून आला आणि सहज आमच्याकडे डोकावला. दारातच थबकला.

“बापूकाका, हे काय मेलंय इथे?”

“मेलं नाही अजून,” मी म्हणालो. “पांघरूण काढून बघ.”

त्याने नानांना कुशीवर वळवलं. नाना म्हणत होते, “राहू दे रे, राहू दे, तुझे कपडे खराब होतील.” सदरा पाठीला चिकटला होता, तो सुटताना ओल्या कागदासारखा आवाज झाला. खड्ड्याच्या तळाशी काहीतरी पांढरं होतं. निनादने वाकून पाहिलं. ते पांढरं हललं.

तो मोरीपर्यंत पोचला नाही. माझ्या चपलांवरच ओकला. चपला जुन्या होत्या.

पाणी पिऊन झाल्यावर मी त्याला विचारलं, “काय रे, मी रोज बोंबलतो, तुझी ताई रोज हसते. तिकडे मोगरा कसा पोचतो, सांगशील?”

तेव्हा तो माझ्या खाटेच्या कडेला बसला आणि त्याने मला हे सगळं सांगितलं. पाकळ्या, समई, फेरी, रांग. मान वर न करता. ऐकताना मला त्या जखमेपेक्षा त्याची जास्त शिसारी आली. जखम निदान काही समजून-उमजून करत नव्हती.

“मग आता ने त्यांना हॉस्पिटलात,” मी म्हणालो. “हे विष रक्तात गेलं तर आठवडाही काढायचे नाहीत.”

“पालकपत्र ताईच्या नावावर आहे. तिची सही आल्याशिवाय सोडणार नाहीत.”

हेही खरंच होतं. सहीशिवाय फाटकावरचा गुरखा मांजरही बाहेर सोडत नसे. दुसरा कुणी असता तर बापाला खांद्यावर टाकून गुरख्यासकट फाटक तोडून गेला असता. निनादने फोन लावला.

“ताई, नानांना हॉस्पिटलात हलवायला हवं. सही पाठव.”

“का? काल तर बोलले माझ्याशी. किती फ्रेश वाटत होतं.”

“ताई, इथे... वास येतो.”

“वास मी रोज घेते निनाद. तू किती वेळा जातोस?”

“तो वास...”

“खोटा वास पाठवताच येत नाही, तूच सांगितलं होतंस ना मला? कायदा आहे म्हणून? हे बघ, डिचोलकरांशी तुझं काही बिनसलं असेल तर ते तुझं तू निस्तर. नानांना त्यात ओढू नकोस. शनिवारी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, आम्ही सगळे बघणार आहोत. ते होऊ दे छान.”

एका वाक्याचं काम होतं. ‘ताई, तो वास मी अडवलाय.’ एवढंच. त्याने फोन ठेवला. मी थुंकलो. पिंकदाणीत थुंकलो, पण त्याच्याकडे बघून.

मग तो डिचोलकरांकडे गेला. पाच मिनिटांत परत आला, चेहरा पिठासारखा. डिचोलकर म्हणाले होते, हॉस्पिटल म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे पहिलं नाव प्रोग्राम लिहिणाऱ्याचं. शनिवारचा समारंभ होऊ दे, मग बघू.

“शनिवारपर्यंत बघायला उरतील का?” मी विचारलं.

निनादने भिंतीवरच्या त्या हुंगणाऱ्या यंत्राकडे पाहिलं. मग म्हणाला, “बापूकाका, ताई माणसांचं ऐकत नाही. खिडकीचं ऐकते.”

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे माणसाने आयुष्यात हजार पौर्णिमा पाहिल्याचा सोहळा. होम, औक्षण, पेढे, आशीर्वाद. डिचोलकरांनी त्याचा जाहिरातीचा तमाशा केला होता. हॉलमध्ये भिंतभर स्क्रीन, तालुक्यातले मान्यवर, वर्गणीदार, पुढच्या रांगेत येऊ घातलेल्या गिऱ्हाइकांची मुलं. पाहुण्यांना मोगरा मिळावा म्हणून हॉलमध्येही एक मोठी, कपाटाएवढी गंधपेटी. सगळ्या म्हाताऱ्यांच्या मुलांना आमंत्रण. पुणे, दुबई, लीड्स, सगळीकडून खिडक्या उघडलेल्या. आणि डिचोलकरांची खास फर्माईश, की औक्षणाच्या वेळी सगळ्यांच्या स्क्रीनवर मधोमध एक मोठी शुभेच्छापत्रिका यावी, आणि ‘शुभाशीर्वाद’ हे बटण दाबल्याशिवाय ती जाऊ नये. म्हणजे सगळ्यांना दाबावंच लागेल.

अशी दार अडवून बसणारी खिडकी आली, की तिच्यामागचं सगळं थिजतं. पाकळ्या हवेत थांबतात, समई लुकलुकायची थांबते. आणि त्या खिडकीची स्वतःची एक छोटी फेरी आतल्या आत सुरू होते. तिला काही काम नसतं. कुणी बटण दाबेपर्यंत ती रिकामी. ‘रिकामी असलीस तरी वास सोडू नकोस’ हा नियम निनादने त्या छोट्या फेरीलाही शिकवायचा होता. त्याने तो शिकवला नाही. वर, टिचक्या आणि वास यांच्या रांगा वेगवेगळ्या न ठेवता दोन्हींची एकच रांग केली. जो आधी आला तो आधी.

त्याला वाटलं होतं, की नानांच्या खोलीची रांग शैलाकडे जाईल, तेवढंच. पण समारंभासाठी डिचोलकरांनी सगळ्या खोल्या हॉलच्या खिडकीला जोडायला लावल्या होत्या, आणि तिथूनच सगळ्यांना मोगरा वाटायचा होता. ते काम निनादने आधीच्या आठवड्यात केलं होतं आणि घाबरलेल्या माणसाच्या डोक्यातून जातं तसं त्याच्या डोक्यातून साफ गेलं होतं. सगळ्यांची दुर्गंधी सगळ्यांकडे निघाली.

नानांना जरीची शाल पांघरून चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. थेट त्या जखमेवर. घाम गळत होता, पण प्रत्येकाला म्हणत होते, “या, या, बसा.” मी माझा वॉकर घेऊन त्यांच्या शेजारी. गुरुजींनी सूर लावला, रोझीने ताट ओवाळलं, स्क्रीनवर पत्रिका झळकली. पाकळ्या थांबल्या.

आधी फिनेल आलं. लोक म्हणाले, स्वच्छता आहे हो. मग शिळ्या आमटीचा. गुरुजींनी मंत्र म्हणता म्हणता आपला सोवळ्याचा पंचा हुंगला. मग लघवी; एक दिवसाची नव्हे, पावसाळ्यापासूनची, थरावर थर. वर्गणीदार बाईंनी तोंडातला पेढा हातात काढला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून पंचायत समितीच्या सभापतींच्या हातात दिला. त्यांनीही घेतला. मग ओल्या गाद्या, सडलेली बँडेजं, न धुतलेली भांडी आणि माणसाने सांगू नये असं बरंच.

लोकांनी ‘शुभाशीर्वाद’ दाबायला सुरुवात केली. धडाधड. पण टिचकी म्हणजेही एक पाहुणाच, तीही रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली, सगळ्या महिन्यांच्या मागे.

“निनाद!” डिचोलकर नाकाला सोनेरी उपरणं लावून किंचाळले. “बंद कर ते! बंद कर!”

“केलंय साहेब,” निनाद म्हणाला. “रांगेत आहे.”

मी जन्मभर चौकशीच्या खिडकीत बसलो, पण इतकं नेमकं उत्तर मला कधी सुचलं नव्हतं.

“तूच सोडलंस हे! तूच!”

“अडवलंही मीच होतं. तुम्ही सांगितलंत म्हणून.”

स्क्रीनवरच्या खिडक्या एकेक करून विझायला लागल्या. लोक पेटीची वायरच ओढत होते. आईबापाचं तोंड समोर होतं आणि मुलं टेबलाखाली वाकून प्लग शोधत होती. दुबई गेली. नाशिक गेलं. पुणे गेलं, शिरीषची पाठ दिसली, मग काहीच दिसलं नाही.

लीड्स गेलं नाही. शैला पदर नाकाला लावून बसली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिचा नवरा मागे उभा राहून वायरीकडे हात नेत होता, तो तिने झिडकारला. रांग संपत आली आणि सगळ्यांत शेवटी तो आला, घुशीचा, गोडूस. हॉलमध्ये कुणीतरी खुर्चीसकट आडवं झालं.

“नाना,” शैला म्हणाली. “हा कुणाचा वास?”

नाना खाली बघत होते. भीड जन्माची; एका दिवसात थोडीच सुटते? मी त्यांच्या चांगल्या हाताला चिमटा काढला. चांगला करकचून.

“माझा गं,” नाना म्हणाले. “पाठीचा. बरेच दिवस झाले.”

“आणि निनाद, तुला माहीत होतं?”

“वास अडवलाय ते माहीत होतं. आत काय आहे ते बुधवारी कळलं.”

“बुधवारी तू मला फोन केला होतास.”

“हो.”

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याच्या जागी मी असतो तर त्यापेक्षा तो कपाटाएवढा डबा हुंगत बसलो असतो. मग म्हणाली, “उचल त्यांना. सही पाठवते. सहीची वाट बघू नकोस.”

निनादने शाल, हार, सगळ्यासकट बापाला उचललं. जरीतून पाणी गळत होतं, त्याच्या सदऱ्यावर, हातांवर. सभापती, वर्गणीदार, गुरुजी, सगळे भिंतीला चिकटले आणि मधोमध वाट झाली. नाना त्याच्या खांद्यावरून लोकांना म्हणत होते, “माफ करा हं. पेढे घेऊन जा.” गुरखा आडवा आला नाही. त्याने फाटक उघडलं ते नाक धरून, डाव्या हाताने.

नाना वाचले. पाठीत मूठ मावेल एवढी खळी राहिली. ते आता निनादच्या दोन खोल्यांत असतात आणि निनाद रोज सकाळी हातमोजे न घालता ती खळी धुतो. शैला रोज नानांशी बोलते. निनादला ‘फोन धर’ आणि ‘फोन ठेव’ एवढंच म्हणते.

आणि सायंप्रसन्नचं काय झालं? चौकशी लागली, डिचोलकर रजेवर गेले, कोर्टाच्या हुकमाने पाकळ्या बंद झाल्या. रोझीच्या जोडीला दोन मावशी आल्या. इथवर ऐकून लोक म्हणतात, चला, शेवट गोड झाला. त्यांना मी पुढचं सांगतो. आठवडाभरात ऑफिसात मुलांचे निरोप आले, ढीगभर. रोझीने मला वाचून दाखवले. ‘आईला तिथून हलवायचं आहे’ असं लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी विचारलं होतं, जुनी खिडकी परत कधी सुरू होणार? ती फार छान होती. त्यात एक निरोप शिरीषचा होता. ‘बापूंच्या खिडकीत निदान समई तरी ठेवता येईल का?’

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. कुजकी जखम मी महिनोन्‌महिने हुंगली, पण तेव्हाही ताट न शिवता कधी परत धाडलं नव्हतं.

संध्याकाळी शिरीषची खिडकी उघडली. पाकळ्या नाहीत, मोगरा नाही, नुसता तो आणि नुसता मी.

“बापू, कसे आहात?”

मघापासून मला संडासला लागली होती. एरवी मी मावशीला हाक मारतो, ती भांडं आणते. तोंडाशी आलेली हाक मी गिळली. मांडी सैल सोडली, शिरीषच्या डोळ्यांत बघितलं आणि पायजम्यातच मोकळा झालो. सावकाश. मुलाच्या शिक्षणाला कधी कमी पडू दिलं नव्हतं, हेही पोटभर दिलं.

त्याचं नाक मुरडलं. “बापू... कसला तरी वास येतोय.”

“येणारच,” मी म्हणालो. “मीच पाठवलाय. आता रांग नाही ना, लगेच पोचतो.”

तो लाल झाला. त्याचा हात टेबलाखाली गेला, त्या वायरीकडे. मला बघायचं होतं. हात तिथे राहिला; खूप वेळ राहिला. स्वयंपाकघरातून सून ओरडली, ‘अहो, बंद करा ना ते!’ त्याने मान वळवली, परत माझ्याकडे वळवली, आणि रिकामा हात टेबलावर आणून ठेवला. दुसऱ्या हाताने नाक घट्ट धरलं होतं, त्यामुळे आवाज गेंगाणा आला.

“बापू,” तो म्हणाला, “तुम्हाला पुसतं कोण?”

मी तिथे राहायला आल्यापासून त्याने माझ्या खोलीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न.